ट्रक पूर्ण होईपर्यंत

जवरीलालजींनी चहा सोडला ही बातमी जळगावात पसरली, तेव्हा ती कोणी खरी मानली नाही. त्यांच्या कापडदुकानासमोरच्या चहावाल्याने तर मुळीच मानली नाही. त्याने दोन दिवस सवयीने अकरा वाजता कट पाठवला आणि दोन्ही दिवस तो जिनेशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, पिऊन टाकला. तिसऱ्या दिवशी चहावाला स्वतः आला आणि दवाखान्यात विचारतात तशा आवाजात म्हणाला, "शेठजींची तब्येत बरी आहे ना?"

तब्येत उत्तम होती. अडचण ट्रकची होती.

ट्रक दीड फूट लांब होता. जवरीलालजींच्या लहानपणी धुळ्याच्या एका टायरवाल्याने त्यांच्या वडिलांना एक कॅलेंडर दिलं होतं. त्यावर लांब नाकाचा, लालभडक अमेरिकन ट्रक होता. दोन बाजूंना दोन उभी चकचकीत धुराडी, पुढे देवळाच्या दरवाजासारखी जाळी. वर्ष संपलं, कॅलेंडर राहिलं. त्या ट्रककडे बघत बघत जवरीलालजींनी पन्नास वर्षं लोकांना पोपलीन फाडून दिलं. असा ट्रक त्यांनी प्रत्यक्षात कधीच पाहिला नाही. महामार्गावर जे दिसतात त्यांना नाकच नसतं. मग दुकान जिनेशच्या हाती दिल्यावर त्यांनी ठरवलं, की आता हा ट्रक आपणच करायचा.

जिनेशने इंटरनेटवरून नकाशे छापून आणले. कंपनीचं नाव जिनेशला म्हणता येत होतं आणि जवरीलालजींना लिहिता येत होतं, त्यामुळे बापलेकांचं मिळून ठीक चाललं. नकाशावर प्रमाण दिलं होतं, सोळास एक. जिनेश ते समजावून सांगायला बसला.

"पप्पा, म्हणजे असं, की खरा ट्रक सोळा पट मोठा..."

"यात समजावण्यासारखं काय आहे? गजाचा गिरह झाला."

जिनेशला गिरह माहीत नव्हता. जवरीलालजींनी भिंतीवरचा वडिलांचा लोखंडी गज काढून दाखवला. त्यावर सोळा खुणा होत्या. सोळा गिरहांचा एक गज. खरा ट्रक आठ गज, तर आपला आठ गिरह. पुढची तीन वर्षं अमेरिकेची ती गाडी जळगावच्या कापडाच्या गजाने मोजली जात होती, आणि अमेरिकेने त्यावर काही हरकत घेतली नाही.

पत्रा तेलाच्या डब्याचा. धुराडी जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलची. चेसिसला छत्रीच्या काड्या. सगळ्यात वेळ खाल्ला नटांनी. दिसणारी चाकं सहा, एकेका चाकाला दहा नट, एकूण साठ. नट मोहरीएवढा, पण मोहरीसारखा गोल नव्हे, सहा कोनांचा. पितळी तारेतून एकेक घासून काढला. एका नटाला तीन कप चहा लागायचा. असे दिवसाला चौदा कप होत.

चौदा कपांपर्यंत प्रेमकुंवरबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, काही म्हटलं नाही. पण एका सकाळी त्या चहा गाळायला गेल्या आणि गाळणीला फक्त कडी आणि दांडा उरलेला होता. जाळी ट्रकच्या नाकावर बसली होती, आणि खरं सांगायचं तर शोभत होती.

त्याच दिवशी जैन स्थानकात साध्वी महासतीजींचं व्याख्यान होतं. चातुर्मास चालू होता. व्याख्यानानंतर मंडळी एकेक करून उभी राहत आणि काहीबाही सोडण्याचा नियम घेत. कोणी संवत्सरीपर्यंत हॉटेल सोडलं, कोणी दिवाळीपर्यंत मिठाई. जवरीलालजी तयारीने आले होते.

"कारलं," ते हात जोडून म्हणाले. "आजन्म."

बायकांच्या बाजूने आवाज आला, "महाराजसा, कारलं त्यांनी चाळीस वर्षांत खाल्लेलं नाही. त्यांना चहा सोडायला सांगा."

सभा हसली. महासतीजीही हसल्या असाव्यात. तोंडावरच्या मुहपत्तीमुळे नीट दिसलं नाही. "चहा? जमेल, जवरीलालजी? कधीपर्यंत?"

आणि इथे जवरीलालजींनी चूक केली. बाकी सगळ्यांनी तिथी सांगितली होती. जवरीलालजी व्यापारी, त्यांनी मनात हिशेब केला, की ट्रकचे फक्त वायपर आणि दारांच्या मुठी राहिल्यात, चार दिवसांचं काम. आयुष्यातला सगळ्यात स्वस्त सौदा समोर दिसत होता.

"ट्रक पूर्ण होईपर्यंत," ते म्हणाले.

महासतीजींनी नियमाचं पच्चक्खाण दिलं. "रुमालाला गाठ मारा. काम पूर्ण झालं की सोडा," असंही सांगितलं. जवरीलालजींनी गाठ मारली. सैलच मारली, चार दिवसांचा तर प्रश्न होता.

चौथ्या दिवशी दुपारी वायपर बसले, मुठी बसल्या. जवरीलालजींनी ट्रक बैठकीतल्या तिपाईवर ठेवला, रुमाल काढला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "चहा टाका. ट्रक पूर्ण झाला."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तुम्ही गेल्या दिवाळीलाही म्हणाला होतात. त्यानंतर माझी गाळणी गेली." प्रेमकुंवरबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "महाराजसांपुढे घेतलेला नियम आहे. पूर्ण म्हणजे पूर्ण. ट्रकमधली तीन जाणती माणसं बोलवा. तिघं एका तोंडाने म्हणू देत, मग चहा."

यात जवरीलालजींना काही गैर दिसलं नाही. ट्रकमधली जाणती माणसं खानदेशात कमी नाहीत. अजाण माणूस शोधणं अवघड.

पहिले नवलसाहेब. ते मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि पलीकडच्या गल्लीत राहत. दुसरे रावेरचे तोतारामनाना. केळीचे बागाईतदार, घरचे दोन ट्रक, जवरीलालजींचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिसरा धुळ्याचा झुलाल पेंटर. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या निम्म्या ट्रकांची तोंडं आणि पाठी त्याने रंगवलेल्या.

मंगळवारी चार वाजता तिघं जमले. प्रेमकुंवरबाईंनी चहा आणला. कंद म्हणून आलं त्या घरात चालत नाही. पण सुंठ, वेलदोडा आणि गवती चहा घालून त्या जो चहा करीत, त्याचा वास जिन्यापर्यंत जाई. तीन कप तिघांपुढे, आणि जवरीलालजींपुढे उकळून गार केलेलं पाणी.

तोतारामनानांनी बशीत ओतून पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"भाभी," ते म्हणाले, "मी रावेरहून फक्त ट्रक पाहायले आलो व्हतो. पन हे काही निराळंच हाये."

मग तपासणी. नवलसाहेबांनी वही काढली, चष्मा पुसला, केबिनमध्ये डोळा घातला.

"स्टिअरिंग डावीकडे आहे."

"अमेरिकन गाडी आहे साहेब. तिकडे डावीकडेच असतं."

"मग तिकडे पास करून घ्या." त्यांनी वहीत लिहिलं. "प्रथमोपचार पेटी?"

"दीड फुटाच्या ट्रकमध्ये?"

"अपघात काय फूटपट्टीने मोजून होतो? ब्रेक दाखवा."

"ब्रेक फक्त दिसायला आहेत, साहेब."

"तसे बहुतेकांचे असतात." नवलसाहेबांनी ट्रक उचलून फरशीवर ठेवला आणि दारापासून जोरात ढकलला. ट्रक सरळ, डौलदार गेला आणि झोपाळ्याच्या पायाला जाऊन धडकला. कुठेतरी बारीकसं टिंग वाजलं. सगळ्यांना कपबशीचं वाटलं.

"ब्रेक लागत नाहीत," नवलसाहेबांनी लिहिलं.

झुलाल ट्रकच्या मागे उकिडवा बसला होता. त्याचा चेहरा पडला होता. "शेठ, मांगे काहीच लिखेल नही! ना पोरेसनं नाव, ना मोर, ना डोया. हाऊ ट्रक शे का कपाट?"

"अमेरिकेत मागे लिहीत नाहीत, झुलालभाऊ."

"मंग मांगला डायवर काय वाचस?"

तोतारामनाना म्हणाले, "मले तं एकच समजतं. गाडी रिकामी हाये. रिकाम्या गाडीले कोनी पूर्ण म्हनतं का?"

तिघांनी दुसरा कप घेतला आणि पुढच्या मंगळवारी येतो म्हणून गेले. जाताना नवलसाहेबांनी जिन्यात जवरीलालजींच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. मी तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकही गाडी पहिल्या फेरीत पास केली नाही. पहिल्या फेरीत पास झालेली गाडी संशयास्पद असते."

जवरीलालजी कामाला लागले. प्रथमोपचार पेटी केली. आत कापसाची फुलवात आणि साबुदाण्याच्या दाण्याएवढी आयोडीनची बाटली. चाकांमागे रबरी पट्ट्या लावल्या. मागे लिहायला मात्र ते तयार नव्हते, आणि स्टिअरिंगचं नाव काढलं की उठून गच्चीवर जात. कॅलेंडरवर जसं होतं तसं. एक गिरह इकडे नाही की तिकडे नाही. चहा पाहिजे होता, पण उजवीकडच्या स्टिअरिंगचा नको होता.

दुसऱ्या मंगळवारी तोतारामनाना माल घेऊन आले: वेलची केळ्यांची छोटी फणी, जातीतली सगळ्यात लहान. ती त्यांनी स्वतःच्या हाताने ट्रकवर ठेवली. मागची चाकं बसली.

"नाना," जवरीलालजींनी गज मांडीवर घेऊन हिशेब मांडला, "केळं चार इंचाचं. सोळा पट केलं तर पाच फूट चार इंच होतं."

"मंग?"

"पाच फुटाचं केळं?"

"शेठ," तोतारामनाना छाती पुढे काढून म्हणाले, "रावेरचं हाये."

त्या दिवशी चहाबरोबर खारी होती. तिसऱ्या मंगळवारी शंकरपाळी. नवलसाहेबांना आढळलं की आरसे लहान आहेत. चौथ्या मंगळवारी आढळलं की मोठे आहेत. झुलालने लिंबू-मिरचीचा आग्रह धरला. लिंबाच्या जागी हिरवा वाटाणा लटकवला गेला. तो आठवड्यात वाळला, तेव्हा वाळक्या लिंबाच्या गाडीला पास करणं अशुभ, असं ठरलं. तोतारामनाना पूर्वी महिन्यातून एकदा कामाने जळगावला येत. आता दर मंगळवारी भुसावळला गाडी बदलून, कामाशिवाय येऊ लागले. झुलालने धुळ्याची मंगळवारची कामं बंद केली. त्यामुळे महामार्गावर तीन ट्रक बिनडोळ्यांचे फिरत होते, असं तोच अभिमानाने सांगे.

जवरीलालजी वाळले. रुमालाची गाठ त्यांच्या बोटांना पाठ झाली होती. दर मंगळवारी तीन माणसं त्यांच्यासमोर फुरके मारत आणि ते उकळलेल्या पाण्याकडे बघत बसत. पण तक्रार नाही. "जाणती माणसं आहेत," ते जिनेशला म्हणत. "खोलात जातात."

पर्युषण झालं, दसरा झाला, दिवाळी झाली. महासतीजी विहार करून शिरपूरकडे निघून गेल्या. जाताना त्यांनी चौकशी केली. "ट्रक?" जवरीलालजींनी मान खाली घातली.

सोळाव्या मंगळवारी झुलाल म्हणाला, मागचे लाल दिवे तांदळाभर खाली पाहिजेत. सातव्या मंगळवारी त्यानेच ते तांदळाभर वर घ्यायला लावले होते. जवरीलालजींनी निमूटपणे चिमटा उचलला. प्रेमकुंवरबाई दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

तिघं गेल्यावर त्या म्हणाल्या, "ही माणसं ट्रक बघायला येत नाहीत."

"मग कशाला येतात?"

"मी दुधाचा रतीब एका लिटरने वाढवलाय, तो कशाला?"

"काहीतरीच काय! नवलसाहेब सरकारी माणूस आहेत."

प्रेमकुंवरबाईंनी रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

पुढच्या मंगळवारी चार वाजता तिघं आले आणि आपापल्या जागी बसले. प्रेमकुंवरबाई बाहेर आल्या. ट्रेमध्ये स्टीलचे चार पेले होते. चारही पेल्यांत उकळून गार केलेलं पाणी.

तोतारामनानांनी पेल्यात पाहिलं. मग पेल्याखाली पाहिलं.

"भाभी... चहा?"

"बंद केला. शेठ एकटे सोडून बसलेत, बरं नाही दिसत. कालच मीही नियम घेतला. ट्रक पूर्ण होईपर्यंत या घरात चुलीवर चहा चढणार नाही."

झुलालने नवलसाहेबांकडे पाहिलं. नवलसाहेबांनी तोतारामनानांकडे पाहिलं. तोतारामनाना खारीच्या रिकाम्या डब्याकडे बघत होते.

मग नवलसाहेब उठले. ट्रकभोवती एक चक्कर मारली. पाऊण चक्करच, तिपाईची उजवी बाजू भिंतीला लागून होती.

"आता आरसे कसे अगदी बरोबर दिसतात," ते म्हणाले.

"मस्त शेतस!" झुलाल म्हणाला. "बठ्ठं बराबर शे! मांगे काही लिखो नका, शेठ. साधा ट्रकनी शोभाच न्यारी."

"आणि रिकामी गाडी म्हनजे," तोतारामनाना म्हणाले, "माल उतरवून आली असंन. त्यात काय हाये?"

"स्टिअरिंग?" जवरीलालजींनी घाबरत विचारलं.

"निर्यातीसाठी, असा शेरा मारतो," नवलसाहेबांनी वहीत लिहून सही ठोकली. सगळा प्रकार चार मिनिटांत आटोपला, त्यातलं एक मिनिट पेन सापडण्यात गेलं. "पास! वहिनी, वाहन पूर्ण आहे. आता काही हरकत नसावी."

प्रेमकुंवरबाई आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला, मग सुंठेचा वास. पाच कप बाहेर आले. चार महिन्यांत पहिल्यांदा एक कप जवरीलालजींपुढे ठेवला गेला. तिघांचे फुरके सुरूही झाले होते.

जवरीलालजींनी रुमाल काढला. गाठ सोडण्याआधी ट्रककडे एकदा डोळे भरून बघावं, म्हणून त्यांनी तिपाई भिंतीपासून ओढली आणि फिरवली.

ते बघत राहिले. मग वाकले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाकले.

उजवीकडच्या शेवटच्या चाकाला नऊ नट होते.

हे दुसऱ्या कोणालाही दिसलं नसतं. सतरा मंगळवार दिसलं नव्हतं. गाडी पास झाली होती, वहीत सही होती, चहा वाफाळत होता. तिपाई नुसती परत भिंतीला लावली असती, की झालं.

जवरीलालजींनी रुमाल खिशात ठेवला आणि कप दूर सरकवला.

"काय झालं शेठ?" तोतारामनाना.

"एक नट नाही."

"कोनता नट?"

"मागचं चाक. दहावा. ट्रक पूर्ण नाही."

"भाऊ!" झुलालला ठसका लागला. "एक नटनं काय लई बसनात? धुयामा निम्मा ट्रक चार नटवर पयतस!"

"कॅलेंडरवर दहा आहेत," जवरीलालजी म्हणाले. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पाचवा कपही तसाच भरलेला आहे. प्रेमकुंवरबाईंनी त्याला हात लावला नव्हता. साय धरली होती.

प्रेमकुंवरबाई उठल्या, आत गेल्या आणि चहापत्तीचा डबा घेऊन आल्या. डब्यात हात घालून तळापासून एक कागदाची पुडी काढली. पुडीत मोहरीएवढं काहीतरी होतं. मोहरीसारखं गोल नव्हे, सहा कोनांचं.

"झोपाळ्याखाली सापडला. झाडताना."

"कधी?"

"पहिल्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी."

जवरीलालजींनी नट तळहातावर घेतला. हळूहळू त्यांच्या डोक्यात टिंग वाजलं. "म्हणजे पहिल्या मंगळवारी ट्रक पूर्ण होता?"

"होता. नवलसाहेबांनी ब्रेक तपासेपर्यंत."

नवलसाहेबांनी कपात पाहिलं.

"आणि चार महिने तुम्ही बोलला नाहीत?"

"मी खोटं बोलले का? मी म्हटलं, पूर्ण म्हणजे पूर्ण. डॉक्टरांनी श्रावणात सांगितलं होतं, शुगर तीनशे बारा आहे, चहा तोडा. तुम्ही त्यांना सांगितलंत, दोनच कप घेतो. परवा जिनेशने रिपोर्ट आणला. एकशे चाळीस." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आज म्हटलं, बघू तुम्हाला नट गेलेला दिसतो का. दिसला नसता तर मीही चहा प्यायले नसते. आयुष्यभर."

जवरीलालजींनी चिमटा मागवला. डिंकाचा थेंब, श्वास रोखलेला, दहावा नट जागेवर. मग त्यांनी रुमालाची गाठ सोडली. सैल मारलेली गाठ चार महिन्यांत इतकी घट्ट झाली होती की शेवटी दात लावावे लागले.

चहा गार झाला होता. प्रेमकुंवरबाई गरम करून देते म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही. पहिला घोट घेतला आणि चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला.

"यात साखर नाही."

"नाहीच. आणि दिवसाला दोनच." प्रेमकुंवरबाईंनी साय बाजूला करून आपला कप तोंडाला लावला. "माझ्यात आहे."

तिघं परीक्षक त्या दिवशी दुसरा कप न घेताच गेले. ट्रक काचेच्या पेटीत गेला, कॅलेंडरच्या खाली. जवरीलालजींनी प्रथमोपचार पेटी आतच राहू दिली. वाटाणा मात्र काढला.

बुधवारी सकाळी दहाला दाराची कडी वाजली. नवलसाहेब उभे होते, वही काखेत.

"रात्रभर विचार केला," ते म्हणाले. "काल मी सही केली तेव्हा गाडीला एक नट कमी होता. म्हणजे ते पासिंग नियमाने बाद होतं. फेरतपासणी करावी लागेल."

ते आत आले, झोपाळ्यावर बसले, वही उघडली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले. खाली रिक्षातून तोतारामनाना उतरत होते. हातात केळ्यांची फणी होती. झुलालचा फोन येऊन गेला होता. त्याची बस पारोळ्यापर्यंत आली होती.